खाडीचे राखणदार : एक परीक्षण

दोन फेब्रुवारी हा दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. १९७१ साली याच तारखेला इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आता मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या शाळांमध्ये त्या दिवशी फेरी निघते, फलक रंगवले जातात, खाडीच्या काठावर मुलांची साखळी उभी राहते. हौशी मंडळींचे काम मात्र एका दिवसापुरते नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर गेली अनेक वर्षे सुटीच्या दिवशी लोक हातमोजे घालून खारफुटीतला कचरा उपसतात, रोपे लावतात, पक्षी मोजतात, भराव दिसला की तक्रारी करतात. या कामाचे कौतुक पुष्कळ होते. परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्रयोगाला आपण तीन प्रश्न विचारतो: काय साधायचे होते, काय साधले, आणि ते साधले हे कशावरून? हेच प्रश्न खाडीच्या राखणदारांनाही विचारावेत असे आम्हांला वाटते. शाळांनी हे प्रश्न विचारणे तर अधिक आवश्यक आहे, कारण या कामात लागणाऱ्या हातांपैकी पुष्कळसे हात विद्यार्थ्यांचे असतात.

आधी खाडीविषयी. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या विस्तीर्ण पाण्याला मिळते, उत्तरेला एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीला. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. त्यामुळे ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. आपल्याला तो नुसता काळा, वास मारणारा गाळ दिसतो. पक्ष्यांच्या दृष्टीने ते स्वयंपाकघर आहे. चिखलाच्या वरच्या पापुद्र्यात डायाटम आणि नीलहरित शैवाल, त्याखाली वलयी कृमी, शिंपले, गोगलगायी, खेकड्यांची बिळे. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे टिपतो, तुतारी बोटभर खोल जाते, लांब वाकड्या चोचीचा कुरल बिळाच्या तळाशी पोचतो. एकाच ताटात वाढलेले अन्न चोचींच्या लांबीप्रमाणे असे वाटले जाते. धाकटा रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शैवाल खातो. थोरला रोहित बारीक कवचधारी प्राणी आणि कृमीही खातो. दोघांचाही गुलाबी रंग या अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा.

भरती आली की हे स्वयंपाकघर पाण्याखाली जाते. मग हजारो पक्ष्यांना चार-सहा तास कुठेतरी उभे राहावे लागते. त्यासाठी उथळ तळी, जुनी मिठागरे, बांधामागची खाजणे लागतात. तेथे पाणी घोट्याएवढे हवे, भोवती मोकळी जागा हवी आणि कुत्र्यांचा उपद्रव नको. म्हणजे या पक्ष्यांना दोन घरे लागतात, एक ओहोटीचे आणि एक भरतीचे. २०१५ साली शासनाने १६९० हेक्टर क्षेत्राचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केले आणि २०२२ साली खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण अभयारण्यात आले ते मुख्यतः ओहोटीचे घर. नेरूळ, सीवूड्स, उरणजवळचे पाणजे येथील भरतीची घरे त्या सीमेबाहेर राहिली. पुढच्या सगळ्या विवेचनासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, कारण कोणते काम उपयोगी आणि कोणते केवळ उत्साहाचे, हे बरेचसे तिच्यावरून ठरते.

सर्वांत लोकप्रिय काम म्हणजे खारफुटीची लागवड. त्याविषयी आमचे मत सर्वांत प्रतिकूल आहे, म्हणून ते सविस्तर मांडतो.

खारफुटीची झाडे समुद्राच्या सरासरी पातळीपासून वर, उधाणाच्या भरतीची रेषा जेथे पोचते तेथपर्यंतच्या पट्ट्यात वाढतात. त्याखालच्या चिखलावर ती सहसा टिकत नाहीत, कारण तेथे मुळांवर पाणी फार वेळ उभे राहते आणि कोवळे रोप लाटांनी उखडले जाते. आता लागवडीसाठी जागा कोणती मिळते ते पाहा. वरच्या पट्ट्यात एक तर खारफुटी आधीच असते, नाहीतर ती जमीन कोणाच्या तरी मालकीची असते. मोकळा, वादाबाहेरचा असा उरतो तो पुढचा उघडा चिखल. मग रोपे तेथे लागतात. याचे काय होते ते श्रीलंकेत नीट तपासले गेले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तेथे स्वयंसेवी संस्थांनी किनाऱ्यावर ठिकठिकाणी खारफुटी लावली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा २३ जागा पाहिल्या गेल्या. सुमारे १००० ते १२०० हेक्टर लागवडीपैकी जेमतेम २०० ते २२० हेक्टर तगली होती. नऊ जागी एकही रोप शिल्लक नव्हते. कारणे साधी होती: जागा चुकीची, पाण्याची पातळी चुकीची, गुरांचा उपद्रव आणि लावल्यानंतर कोणी फिरकलेच नाही. फिलिपिन्समध्येही असाच अनुभव आला.

रोपे मेली तर श्रम वाया गेले, एवढ्यावर भागते. ती जगली तर ठाणे खाडीत वेगळाच प्रश्न उभा राहतो. खाडीत गाळ साचत चालला आहे. चिखल उंच झाला की तिवर आपोआप पुढे सरकते. तिच्या बिया भरतीच्या पाण्यावर तरंगत येतात आणि रुजतात, त्यांना कोणा पाहुण्याच्या हस्ते लावून घ्यावे लागत नाही. महाराष्ट्रातील खारफुटीचे क्षेत्र भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ च्या अहवालात ३२४ झाले. या वाढीचा काही भाग उपग्रहचित्रे अधिक बारकाईने वाचता येऊ लागल्याचा आहे हे खरे. तरी एकूण दिशा स्पष्ट आहे. ठाणे खाडीत तिवर जितकी पुढे सरकते तितका उघडा चिखल कमी होतो, आणि तुतारी, चिखल्या, कुरल, रोहित यांना झाडीत चरता येत नाही. तेव्हा एका हाताने ‘रोहित वाचवा’ असा फलक धरायचा आणि दुसऱ्या हाताने रोहितांच्या ताटात झाडे लावायची, असा हा प्रकार आहे. वृक्षारोपण म्हणजे पुण्य, ही डोंगरावरची समजूत आपण खाडीत तशीच्या तशी आणली.

खारफुटी नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. बांध घालून भरती अडवल्यामुळे जेथे जुनी खारफुटी वाळली, तेथे ती परत यायला हवी. पण तेथे करायचे काम बांध फोडण्याचे किंवा बुजलेली उघाडी मोकळी करण्याचे. फ्लॉरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने हा मार्ग आयुष्यभर सांगितला: आधी पाणी नीट खेळू द्या, बिया आपल्या आपण येतील, न आल्या तरच रोपे लावा. हे काम कुदळी-फावड्याचे आणि परवानग्यांचे आहे. ते एका रविवारी सकाळी आटपत नाही आणि त्याचे छायाचित्र सुंदर येत नाही. शाळेला रोपेच लावायची असतील तर ती आवारात कुंडीत लावावीत. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि हातभर लांबीची हिरवी शेंग होऊन खाली पडते. हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

सफाईविषयी आमचे मत मिश्र आहे. प्लॅस्टिक खारफुटीला खरोखर मारते का, हा प्रश्न पुष्कळांना उद्धटपणाचा वाटेल, पण तो विचारला गेला आहे. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खारफुटीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सरासरी २७ प्लॅस्टिकच्या वस्तू आढळल्या. संशोधकांनी काही झाडांची श्वासमुळे अर्धी झाकली, काहींची पूर्ण. अर्धी झाकलेली झाडे बहुतांशी तगली, त्यांनी मुळे वळवून वाट काढली. पूर्ण झाकलेल्या झाडांची पाने गळाली आणि त्यांच्यात मरतूक वाढली. तिवरीची श्वासमुळे ही तिची नाके आहेत हे आपण शिकवतोच. काही नाके मोकळी राहिली तरी झाड जगते, सगळी बंद झाली तर गुदमरते, असा या प्रयोगाचा अर्थ. म्हणजे जेथे पिशव्यांची गोधडीच पसरली आहे तेथली सफाई झाडाचा जीव वाचवते. तुरळक कचऱ्यासाठी दोनशे माणसे आत घुसली तर त्यांच्या पायांखाली रोपे आणि खेकड्यांची बिळे तुडवली जातात, तो तोटाही हिशेबात धरायला हवा. वीस-पंचवीस जणांचे, एका ठरलेल्या वाटेने चालणारे पथक अधिक चांगले.

पण मुख्य उणीव वेगळीच आहे. सफाईनंतर जाहीर होतो तो आकडा टनांचा. ओल्या गोणीत प्लॅस्टिक किती आणि चिखल किती हे काटा सांगत नाही. तेथे पिशव्या होत्या, दुधाच्या थैल्या होत्या, चपला होत्या की जाळ्यांचे तुकडे, हेही तो सांगत नाही. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर जी पहिली मोठी सफाई झाली, तिच्या संयोजकांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या हाती नोंदपत्रक दिले: वस्तू कोणती, किती. पुढे जगभर पसरलेल्या या मोहिमेतील माहितीला किंमत आली ती त्या पत्रकामुळे. कचरा खाडीत जन्माला येत नाही. तो नाल्यातून येतो, देवनारसारख्या काठावरच्या कचराभूमीतून येतो, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा येतो. कोणत्या नाल्याच्या तोंडाशी कोणती वस्तू सापडते याची वर्षभराची नोंद असेल तर महापालिकेला नेमके विचारता येते की जाळी कुठे लावणार. नुसत्या ‘इतके टन’ने काहीच विचारता येत नाही.

आता मोजणी. येथे आमचे मत पुष्कळच अनुकूल आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. ती बव्हंशी हौशी निरीक्षकांच्याच बळावर चालते. ठाणे खाडीत एक लाखाहून अधिक रोहित येतात हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या बरोबरच्या स्वयंसेवकांनी चिखलाकाठी काढलेल्या दिवसांमुळे. मोठा थवा मोजणे सोपे नाही. नवखा माणूस मोठ्या थव्याचा अंदाज बहुधा कमी करतो. यावर सराव हाच उपाय, आणि तो वर्गात करता येतो. काळ्या पाटीवर मूठभर ज्वारी पसरावी, दहा सेकंद पाहून अंदाज लिहावा, मग एक चौकोन मोजून त्यावरून एकूण काढावे, शेवटी दाणा न् दाणा मोजावा. आठवड्याभरात मुलांचे अंदाज कसे सुधारतात हे शिक्षकांनी स्वतः पाहावे.

दोष आहे तो आकड्यांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांत. ‘रोहित आले, म्हणजे खाडी स्वच्छ झाली’ हे वाक्य इतक्यांदा छापले गेले आहे की ते आता पाठ्यपुस्तकात जाण्याची भीती वाटते. ते बरोबर नाही. धाकट्या रोहिताला शैवाल हवे. पूर्व आफ्रिकेतील ज्या खारट, क्षारयुक्त सरोवरांत तो लाखांनी जमतो त्यांचे पाणी आपण तोंडात घेऊ शकणार नाही. ठाणे खाडीत सांडपाण्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, त्यांवर शैवाल माजते, आणि रोहितांच्या वाढत्या संख्येचे एक कारण हे असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे जो पक्षी शुद्धतेचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवला जातो, तो कदाचित आपल्या सांडपाण्याचीच साक्ष देत असेल. २०२० च्या टाळेबंदीत असेच झाले. नवी मुंबईतील गुलाबी तळ्यांची छायाचित्रे जगभर गेली आणि माणसे घरात बसली म्हणून पक्षी आले असे सांगितले गेले. टाळेबंदी लागली २५ मार्चला. रोहित येथे नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात. ते आधीच आलेले होते. त्यांच्याकडे खिडकीतून पाहायला आपल्याला प्रथमच सवड झाली, इतकेच.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाची घाटकोपरवरून जाताना रोहितांच्या थव्याशी टक्कर झाली आणि किमान ३९ पक्षी मेले. त्याआधीच्या काही आठवड्यांत सीवूड्सच्या डीपीएस तळ्याकाठीही काही रोहित मेले होते. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्यामुळे हे तळे आटले होते. अनेक संरक्षणप्रेमींनी दोन्ही घटना लगेच एका ओळीत जोडल्या: तळे आटले, पक्षी भरकटले, विमानावर आदळले. हे अशक्य नाही. भरतीचे घर गेले की पक्षी दुसरे शोधायला उडणार, हे तर्काला धरून आहे. परंतु त्या रात्री तो थवा कुठून निघाला होता हे ठाऊक असल्याशिवाय हे सिद्ध होत नाही. जे सिद्ध नाही ते सिद्ध म्हणून सांगितले की उलट बाजूचा वकील नेमके तेवढेच खोडून काढतो, आणि तळे आटले ही डोळ्यांनी दिसणारी, मोजता येणारी गोष्टही संशयाच्या छायेत जाते.

आमच्या मते या सर्व खटाटोपात सर्वांत मोलाचे काम टेहळणीचे आहे. महाराष्ट्रातील खारफुटीला आज जे संरक्षण आहे ते एका स्वयंसेवी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेमुळे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने राज्यभर खारफुटीची तोड आणि तिच्यावरील भराव थांबवण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला गेला आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले गेले. असे निकाल घोषणांवर मिळत नाहीत. सर्व्हे नंबर, तारखेनिशी छायाचित्रे, नकाशे, जुनी उपग्रहचित्रे यांच्या गठ्ठ्यांवर मिळतात. डीपीएस तळ्याच्या बाबतीतही परिणाम झाला तो पाणी कोठून येत होते आणि ती वाट कुठे बुजली हे रहिवाशांनी जागेवर जाऊन दाखवल्यावर. मानवी साखळीने वर्तमानपत्राचे लक्ष वेधले हे मान्य. पण साखळीला नाल्याचे तोंड दाखवता येत नाही.

शेवटची तक्रार माणसांविषयी आहे. या चळवळीचे बहुतेक कार्यकर्ते काठावरच्या नव्या वसाहतींतले. खाडीत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणारे कोळी आणि आगरी त्यांच्या कार्यक्रमांत असलेच तर श्रोते म्हणून असतात. निवटी कोणत्या चिखलात मिळेनाशी झाली, कोणत्या साली पाण्याला रॉकेलचा वास येऊ लागला, उधाण आणि भांग यांच्या वेळी पाणी कुठवर चढते, हे त्यांना तोंडपाठ आहे, पण ते कोणी लिहून घेतलेले नाही. येथे वेळासची आठवण होते. रत्नागिरी जिल्ह्यातील या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सागरी कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. त्यांनी दोन गोष्टी नीट केल्या. राखणदार गावातले घेतले. आणि प्रत्येक घरट्याची नोंद ठेवली: तारीख, अंडी किती, पिल्ले किती निघाली. २००६ पासूनच्या कासव महोत्सवामुळे पर्यटकांचा पैसाही गावातच राहू लागला. खाडी आणि वेळासचा किनारा यांत फरक आहे. कासवाची अंडी वाळूत एका जागी असतात, खाडीचे प्रश्न पन्नास ठिकाणांहून येतात. तरी नोंदवही आणि गावकरी या दोन गोष्टी खाडीलाही लागतील.

शाळेने काय करावे, असा प्रश्न शिक्षक विचारतील. ज्या शाळा खाडीजवळ आहेत त्यांनी एक भरतीचे तळे निवडावे. त्याच्या काठी सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक पट्टी पक्की रोवावी. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरतीच्या वेळी पाणी किती चढले ते वहीत लिहावे, त्याच वेळी तळ्यात उभे असलेले पक्षी मोजावेत, आणि एकही नसेल तर शून्य लिहावे. कोरी जागा सोडू नये, कारण कोऱ्या जागेचा अर्थ ‘पाहिले नाही’ असा होतो. आत येणाऱ्या नाल्याच्या तोंडाचे छायाचित्र दर महिन्याला एकाच जागेवरून घ्यावे. एक तुकडी शाळेतून गेली की वही पुढच्या तुकडीकडे द्यावी. अभयारण्याच्या हद्दीत असे काही करण्यापूर्वी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्यावी लागते. चिखलात उतरू नये. तो वरून घट्ट दिसला तरी गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि परत फिरायला वेळ लागतो तोवर भरती येते. त्या दिवशीची भरतीची वेळ आधी पंचांगावरून किंवा बंदराच्या तक्त्यावरून काढावी, आणि जवळच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या अनुभवी माणसाला विचारून पडताळून घ्यावी.